वगळून

पातं नऊ इंचांहून लांब
किंवा दोन इंचांहून रुंद,
म्हणजे हत्यार.
पुढे बारीक अक्षरांत:
घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय, औद्योगिक
कामासाठी घडवलेली वगळून.

अठरा वर्षं मी या 'वगळून'शेजारी बसतोय.
मुद्देमालाची कोठडी, एक खिडकी, तीही अर्धी.
सुती दोरा, लाख, तपकिरी लेबलं.
सातूर येतो, रापी येते,
केळीच्या वखारीतला कोयता येतो,
एकदा लग्नातली तलवार आली,
मागोमाग नवरदेव, मुंडावळ्या तशाच.
कुठलं लोखंड कशासाठी निघालं होतं
ते लोखंड सांगत नाही.
मी नंबर देतो. दोरा आवळतो.

त्या शनिवारी बोरिवलीच्या नाक्यावर स्कूटर अडवली.
डिकीत काथ्याचा दोर, रिकामा डबा,
आणि गोणपाटात गुंडाळलेला आऊत.
इसम नामे बस्त्याव किणी, वय एकसष्ट,
राहणार गोराई. धंदा: माड चढणे.
रात्री साडेनऊला कुठला माड?
"माड दुपारीच झाला, बाई.
सोसायटीचा सेक्रेटरी पैसे द्याला रातीच येतो."

बाहेरच्या फळ्यावर मनाई हुकूम ताजा होता,
खळ अजून ओली.
दुसाने मॅडम नव्या, कायदा तोंडपाठ.
म्हणाल्या, मोजा.
अख्ख्या ठाण्यात पट्टी सापडेना.
समोरच्या लेडीज टेलरकडून टेप आला,
त्याला खडू लागलेला.

लांबी पावणेनऊ.
रुंदी सव्वादोन.

म्हणजे लांबीत सुटला,
रुंदीत अडकला पाव इंचाने.
कोणी काही बोलेना. पंखा तेवढा टकटक करत होता.

बस्त्याव पात्याकडे बघत म्हणाला,
"बापाशीने घेतला तवा तीन भरायचा.
फळीवर वाळू टाकून रोज पाजवला,
आधी त्याने, मंग मी. चाळीस वर्षांत पाऊण गेला.
अजून पाव ना?
बारा-तेरा वर्षं द्या.
कायद्यात बसवून आणतो."

मॅडम हसल्या नाहीत.
कामाचं हत्यार, याला कागद काय?
कागद बापाचा होता, माडीचा.
माडी सुटली, कागद घडीवर फाटला.
मग त्याने चप्पल काढली
आणि तळवा बाकावर ठेवला, उलटा करून.
मधोमध आडवी खाच,
दोर जिथे रुततो तिथे,
तिच्यात माझं बोट बसलं असतं.
अंगठा बाहेरच्या बाजूला वळलेला,
खोडाला मिठी मारायची सवय असल्यासारखा.

मी शेकडो पंचनामे लिहिलेत.
पायाला रकाना नसतो.

मॅडमनी बराच वेळ बघितलं.
मग स्टेशन डायरी ओढून
एक ओळ लिहिली, आणि आऊत त्याच्याकडे सरकवला.
तो उठेना.
"हेच लिवून द्या ना. पुढच्या नाक्यावर दाखवीन."
असं लिहून देता येत नाही, मॅडम म्हणाल्या.
खरंच येत नाही.
पकडल्याचा कागद असतो,
सोडल्याचाही असतो एखादा.
वगळल्याचा नसतो.

तो निघाला तेव्हा मी जिन्याखाली गाठला.
मुठीला दोरा बांधला, तपकिरी लेबल लावलं.
नंबराच्या जागी काही लिहिलं नाही.
तपशिलात लिहिलं: माडाचा.
शिक्का मारायचं धाडस झालं नाही.
अक्षर मात्र माझं,
कोर्टात ओळखतात ते.

याला चार वर्षं झाली.
परवा वसईकडच्या ठाण्यातून फोन.
एक म्हातारा धरलाय, कोयत्यासारखं काहीतरी आहे,
मुठीला मळकं लेबल,
त्यावर हे असलं लिहिलंय, तुमच्याकडचंच ना?
कोणाचं अक्षर?

मी विचारलं,
रुंदी किती भरली?